उन्हाळी घाट आणि पिकअपमधली घोडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र लागला की जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या तालुक्यांत यात्रांचा आणि बैलगाड्यांचा हंगाम भरात येतो. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. त्याआधी आणि त्यानंतरही बैलांच्या तपासणीबद्दल, चाबकाबद्दल, घाटाच्या म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या लांबीबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले आणि ते योग्यच झाले. गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीबद्दल मात्र कोणी दोन ओळी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी. यातले बहुतेक सगळे सांगली-कोल्हापूरकडच्या टांगा शर्यतीच्या घोड्यांना आणि शहरातल्या रायडिंग क्लबांच्या घोड्यांनाही तसेच लागू आहे.

घाटातली बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सेकंदांत मोजली जाते. तेवढ्या धावेने निरोगी, सरावातल्या घोडीचे काही बिघडत नाही. बिघडते ते धावेच्या आधी आणि नंतर. पहाटे निघायचे ठरलेली गाडी सकाळी आठला निघते, चाकणच्या कोंडीत तासभर उभी राहते, घाटावर पोचल्यावर सावलीची जागा आधीच भरलेली असते आणि टोकन, म्हणजे बारीच्या क्रमाची चिठ्ठी, दुपारी तीनचे निघते. तोवर घोडी पिकअपमध्येच, डोक्यावर ऊन, खाली तापलेला पत्रा. चालत्या गाडीत घोडी विश्रांती घेत नसते. प्रत्येक ब्रेकला, वळणाला, खड्ड्याला ती चारही पायांवर तोल सावरते आणि त्यात चालण्याइतकी ताकद खर्च होते. उन्हातल्या प्रवासात साडेतीनशे किलोच्या घोडीचे वजन तासाला दीड-दोन किलोने उतरते. ते बहुतेक सगळे पाणीच असते. मग तीच घोडी तीन वाजता सोडायची आणि ती 'आज मनावर घेत नाही' म्हणून टाच मारायची, यात घोडीचा काय दोष?

आधी गाडीचे बघू. घोड्यांच्या वाहतुकीसाठी १९७८ च्या केंद्रीय नियमांत वेगळे प्रकरण आहे, हे घोडीवाल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, न घसरणारा तळ, हौदा बुटका असेल तर वाढवून घेणे, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागच्या बाजूला दोन भक्कम आडवे दांडे, एका मालगाडीत फार तर चार ते सहा घोडे, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. घोड्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवावीत, असेही त्यात आहे. हमरस्त्यावर ३५ च्या वेगाने कोणी जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आकडा सोडला तरी त्यामागचे कारण सोडता येत नाही. उघड्या पिकअपमध्ये घोडीचे डोके केबिनच्या वर असते. सत्तरच्या वेगाने समोरून येणारी धूळ, किडे, ट्रकमधून उडालेली खडी थेट तिच्या डोळ्यांत आणि नाकपुड्यांत जाते. उतरवल्यावर एक डोळा मिटलेला, पाणी गळणारा दिसला तर तो 'वारा लागला' म्हणून सोडून देऊ नये. बुबुळावर ओरखडा असू शकतो, आणि घरातले स्टेरॉइडचे थेंब त्यात टाकले तर डोळा जाऊ शकतो.

पिकअपमध्ये एकच घोडी न्यावी. खर्च वाटून घेण्यासाठी दोन कोंबल्या जातात, तेव्हा कोणालाच पाय फाकवता येत नाहीत. तोल सावरायला घोडीला पाय फाकवायला जागा हवी असते, म्हणून मधला अडसर तळापर्यंत नेऊ नये, पोटाच्या उंचीला बांबू पुरतो. तळावर जाड रबरी मॅट आणि त्यावर तीन-चार बोटे ओलसर वाळू. नुसते गवत किंवा भाताचे तूस पत्र्यावर घसरते. वाळू मूत शोषून घेते, खुरांना गारवा देते आणि थांबल्यावर पुन्हा ओली करता येते. चढवण्या-उतरवण्यासाठी रस्त्याकडेचा बांध शोधण्याची पद्धत आहे. बांध चालेल, पण गाडीचा तळ आणि बांध यांच्यात फट राहता कामा नये. मागचा पाय त्या फटीत अडकून सोलून निघणे ही या हंगामातली नेहमीची जखम आहे. धनुर्वाताची लस दिलेली नसेल तर तेवढी जखमही घोड्याला पुरते, कारण धनुर्वाताला घोडा सगळ्या जनावरांत जास्त बळी पडतो.

डोक्यावर ताडपत्री नको. ताडपत्रीखाली हवा कोंडते, आणि गाडी थांबली की आत भट्टी होते. पॉलिहाऊसवाले वापरतात ती शेडनेट लोखंडी कमानीवर, कानांच्या वर निदान हातभर अंतर ठेवून ताणावी. बाजू उघड्या ठेवाव्यात. पायांना गुडघ्यापर्यंत जाड पट्ट्या गुंडाळून उन्हात नेण्याचीही एक हौस असते. तास-दोन तासांच्या प्रवासात त्या पट्ट्यांखाली नळीमागच्या कंडरा तापतात आणि पळताना दुखावतात. खुरांवर रबरी बूट घातले तरी भागते.

आता मान बांधण्याचे, कारण उन्हाळ्यातला एक मोठा आजार, फुफ्फुसाचा, इथून सुरू होतो. घोडीने उडी मारू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दोर आखडून डोके वर बांधतात. घोड्याच्या श्वासनलिकेतली धूळ आणि शेंबूड बाहेर पडायला डोके खाली जावे लागते. चरताना ते आपोआप होते. पाच-सहा तास डोके वर बांधले की घाण उलट फुफ्फुसाकडे सरकते, तिच्याबरोबर घशातले जंतूही जातात. त्यात कोरडा, धुळकट कडबा नाकासमोर टांगलेला असला तर विचारायलाच नको. दोराला छातीपर्यंत मान खाली येईल इतकी ढील हवी, पण पाय अडकेल इतकी नको. दोर थेट कडीला न बांधता सुतळीच्या फासाला बांधावा, म्हणजे घोडी पडली तर सुतळी तुटेल, मान मोडणार नाही. दर तीन-चार तासांनी गाडी झाडाखाली थांबवून दोर सोडावा आणि खाली ठेवलेल्या ओल्या चाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटे मान टाकू द्यावी. लांबच्या प्रवासात शक्य असेल तिथे उतरवावीच.

निघण्याची वेळ रात्री नऊनंतर किंवा पहाटे चारच्या आत. उशीर झाला तर थांबण्यापेक्षा हळू का होईना चालत राहावे, कारण चालत्या गाडीत निदान वारा लागतो. चहासाठी गाडी उन्हात लावून सगळ्यांनी उतरायचे आणि वीस मिनिटांनी परत यायचे, हे घोडीच्या दृष्टीने सगळ्या प्रवासातले सर्वांत वाईट वीस मिनिटे असतात.

दाणा-वैरणीबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणजे 'पोट रिकामे तर घोडी हलकी पळते' म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणे. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असते. रिकाम्या पोटात ते हिंदकळून वरच्या भागाला फोड येतात. दुसरी म्हणजे जोर यावा म्हणून निघताना हरभऱ्याची भरपेट चंदी. ती आतड्यात आंबते, शूळ उठतो. आदल्या दिवशी आणि प्रवासाच्या दिवशी भरडा निम्मा करावा, वैरण मात्र भरपूर द्यावी. चढवण्याआधी लसूणघासाच्या दोन-तीन पेंढ्या पोटाला चांगल्या असतात. वाटेत पाण्यात भिजवून निथळलेली कडबा कुट्टी द्यावी, धूळही बसते आणि पाणीही पोटात जाते. बारीच्या आधी तीन-चार तास दाणा नको. आणि दोन दिवस नुसती बांधून पूर्ण चंदी चारलेली घोडी तिसऱ्या दिवशी एकदम पळवू नये. तिचा मागचा भाग आखडतो, पुठ्ठे दगडासारखे होतात, मूत काळ्या चहासारखे येते. अशा घोडीला चालवून मोकळी करायची नाही, गाडीत चढवायची तर मुळीच नाही. जिथे आहे तिथे उभी ठेवून डॉक्टर बोलवावा.

पाणी आणि मीठ हा विषय थोडा सविस्तर मांडतो, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. घाम गेला की आपले रक्त खारट होते आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहून जास्त खारट असतो. एका लिटरमागे साधारण दहा ग्रॅम क्षार जातात आणि कडक उन्हात जोराच्या कामाला तासाला सात-आठ लिटर घाम सहज जातो. पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरीने गेल्यामुळे रक्त खारट होतच नाही, त्यामुळे मेंदूला तहानेची खूण मिळत नाही. दहा-बारा लिटर पाणी गमावलेली घोडी बादलीला नाक लावून तोंड फिरवते आणि मोतद्दार (घोडी सांभाळणारा) म्हणतो, 'तिला तहान नाही.' तहान आहे, पण ती चेतवायला मीठ कमी पडले आहे.

म्हणून रोजच्या चंदीत उन्हाळाभर ३० ग्रॅम साधे मीठ हवे. प्रवासाच्या आणि शर्यतीच्या दिवशी ५० ते ६० ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, ओल्या कोंड्यात कालवून. पोटॅशियम चाऱ्यातून मिळते, त्यामुळे वैरण खाणारी घोडी बहुधा मिठावर निभावते. जिने वैरण सोडली आहे तिच्यासाठी मात्र तयार क्षारमिश्रण लागते, आणि तिने वैरण का सोडली हे आधी शोधावे लागते. बाजारातली मिश्रणे घेताना मागचा कागद वाचावा. पहिला घटक साखर किंवा डेक्स्ट्रोज असेल तर ते गोड पाणी आहे, बाकी काही नाही.

धावेनंतर पहिली बादली मीठपाण्याची द्यावी. दहा लिटर पाण्यात ९० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पाच मोठे चमचे. ही चव रक्ताइतकीच खारट असते. ते पाणी प्यायलेली घोडी नंतर साधे पाणीही जास्त पिते, कारण तहानेची खूण कायम राहते. शेजारी साध्या पाण्याची बादली असलीच पाहिजे. काही घोड्या मीठपाणी नाकारतात, त्यांच्यावर जबरदस्ती नको. घरी आठवडाभर आधी कमी मिठापासून सवय लावता येते. आणि जी घोडी पाणीच पीत नाही तिच्या तोंडात क्षारांची पेस्ट कधीही सोडू नये. पोटातले मीठ मग शरीरातले उरलेसुरले पाणी ओढून घेते आणि आहे ते बिघडते.

'घामेघूम घोड्याला पाणी पाजू नये, पोट धरते' ही समजूत आता तरी सोडावी. चार-पाच लिटर द्यावे, दोन फेऱ्या चालवावे, पुन्हा चार-पाच लिटर. हिंडता-पिता तासाभरात घोडी आपली भरपाई करू लागते. परक्या गावचे पाणी, त्यात क्लोरीनचा किंवा टँकरच्या गंजाचा वास असला, तर घोडी नाक मुरडते. घरून २० लिटरचे चार कॅन न्यावेत. ते शक्य नसेल तर चार दिवस आधीपासून घरच्या पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवण्याची सवय लावावी आणि बाहेरच्या पाण्यातही तेवढाच घालावा. चव ओळखीची लागली की पिते.

आता सोड्याबद्दल. दम वाढतो, पोट साफ राहते अशा समजुतीने काही ठिकाणी बारीआधी खायचा सोडा पाजतात. भर उन्हात यासारखे घातक दुसरे काही नाही. घामातून क्लोराइड मोठ्या प्रमाणात गेल्यामुळे घोड्याचे रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असते. त्यावर सोडा म्हणजे आणखी अल्क. रक्तातले वापरता येण्याजोगे कॅल्शियम घटते आणि छातीच्या पडद्याला जाणारी नस इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पडदा उडतो. बाहेरून दिसते ते असे की घोडी शांत उभी आहे, पण दोन्ही कुशी ठोक्याच्या तालात फडफडतात. लोक याला उचकी म्हणतात आणि हसतात. ही उचकी दिसली की घोडी त्या दिवसापुरती बाद समजावी. पाणी, मीठ, सावली द्यावी आणि तासाभरात थांबली नाही तर शिरेतून औषध द्यावे लागते. ते डॉक्टरनेच द्यायचे, कारण कॅल्शियम घाईने सोडले तर हृदय थांबते.

घोडी गार करण्याबद्दलही असाच एक जुना धाक आहे: तापलेल्या अंगावर गार पाणी टाकले तर घोडी आखडते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उकाड्यात घोडे कसे सांभाळायचे यावर पुष्कळ प्रयोग झाले. गार पाण्याने स्नायू धरत नाहीत, उलट घोडे लवकर सावरतात, हे तेव्हाच दिसून आले. दोनशे लिटरचा एक पिंप, दोन बादल्या, दोन मग, दोन माणसे, एवढे साहित्य प्रत्येक घोडीमागे हवे. मान, छाती, बरगड्या, पुठ्ठे, मांड्यांच्या आतली बाजू असे सगळीकडे न थांबता पाणी ओतत राहावे. पुसत बसू नये, पुढचे पाणी मागचे तापलेले पाणी घेऊनच खाली जाते. पिंपात बर्फाची लादी फोडून टाकली तरी चालते. पाच-पाच मिनिटांनी गुदद्वारातले तापमान बघावे आणि ३९ अंशांवर आले की थांबावे. ओले पोते पाठीवर टाकून घोडी उभी करण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. पहिली दोन मिनिटे गारवा लागतो, मग तेच पोते अंगाच्या उष्णतेने गरम होते, वारा अडवते आणि खालचा घाम वाळू देत नाही.

थर्मामीटर मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल चालतो. टोकाला दोरी बांधून कपड्याचा चिमटा शेपटीला लावावा, म्हणजे आत जात नाही. निरोगी घोडीचे तापमान ३७.२ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, १५ सेकंद मोजून चारने गुणायचे. बारीनंतर पंधरा-वीस मिनिटांत नाडी ६० च्या खाली यायला हवी. हिरडीवर अंगठा दाबून सोडला तर दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. नाडी उतरत नाही, हिरडी विटकरी किंवा जांभळट, मानेची चिमूट काढली तर तशीच उभी, लीद थांबलेली, कुशीत कान लावला तर आतड्याचा आवाज नाही, अशी घोडी पुन्हा घाटात नेणे म्हणजे तिला मारणेच. सर्वांत फसवी खूण म्हणजे घाम न येणे. भर उन्हात पळून आलेली घोडी कोरडी असेल आणि धापा टाकत असेल, तर मालक खूश होतो की दमलीच नाही. घाम आटला आहे, आतली उष्णता बाहेर पडायला वाट उरलेली नाही.

अशा वेळी दोन गोष्टी हमखास केल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या. एक, नळकांड्याने किंवा बाटलीने तोंडात पाणी ओतणे. दमलेली घोडी नीट गिळत नाही आणि ते पाणी फुफ्फुसात जाते. दुसरी, 'अंग दुखत असेल' म्हणून वेदनाशामक इंजेक्शन टोचणे. पाणी आटलेल्या शरीरात ही औषधे मूत्रपिंडे आणि पोट जाळतात. घोडी त्या दिवशी उभी राहते आणि आठवड्याने खाणे सोडते. मग दोष यात्रेतल्या पाण्याला दिला जातो.

ऊन किती म्हणजे जास्त, याचा एक ढोबळ हिशेब आहे. मोबाइलवर तापमान फॅरनहाइटमध्ये लावायचे आणि त्यात हवेतल्या आर्द्रतेचा टक्का मिळवायचा. बेरीज १३० च्या आत असेल तर घोडी स्वतःला गार करू शकते. १५० च्या पुढे तिला मदत लागते. १८० च्या पुढे पळवूच नये. शिरूरला दुपारी ४१ अंश सेल्सिअस म्हणजे १०६ आणि आर्द्रता १५ टक्के, बेरीज १२१. अलिबागला ३३ अंश म्हणजे साधारण ९१ आणि आर्द्रता ७५, बेरीज १६६. देशावरून किनाऱ्यावर नेलेला घोडा 'तिकडे ऊन कमी' म्हणून जास्त पळवला जातो आणि तिथेच कोसळतो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. पण या बेरजेत डोक्यावरचे ऊन आणि वारा धरलेला नाही. शिरूरची १२१ बघून दुपारी दोनला घोडी उघड्या पिकअपमध्ये ठेवायला मोकळे झालो, असे समजू नये.

घरी परतणे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बक्षीस मिळाले की मिरवणूक, गुलाल, डीजे, आणि घोडी त्यातच. तापमान ३८.५ च्या खाली येऊन, पाणी पिऊन, मूत करून, थोडी वैरण खाईपर्यंत तिला गाडीत चढवू नये. यात दोन तास सहज जातात. घरी आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहावे. प्रवासातून सुरू झालेला फुफ्फुसाचा आजार पहिल्या दिवशी क्वचितच दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ३८.८, ३९ असा ताप चढतो, चंदी अर्धी राहते, घोडी कोपरे बाहेर काढून उभी राहते, वळायला नको म्हणते. छातीत पाणी धरण्याची ती सुरुवात असते. तेव्हा उपचार सुरू झाले तर घोडी वाचते. आठवडाभर 'थकवा आहे' म्हणत बसले तर कित्येक महिने जातात, आणि पळण्याची ताकद परत येईलच असे नाही.

शेवटी हौदाचा प्रश्न. यात्रेत सगळी घोडी एकाच हौदावर पाणी पितात. ग्लँडर्स, इन्फ्लुएंझा, घशाच्या गाठींचा आजार, सगळे नाकातून गळणाऱ्या पाण्याने पसरतात. ग्लँडर्सला उपचार देत नाहीत. जनावर बाधित निघाले तर कायद्याने ते मारावे लागते आणि आजार माणसालाही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात निघाला होता. प्रत्येक घोडीची स्वतःची बादली आणि स्वतःचा तोबरा असावा. हौदातून भरायचेच तर मगाने काढून भरावे, बादली बुडवू नये. रक्ततपासणीचा कागद हंगामाआधीच काढून ठेवावा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत नमुने जाऊन अहवाल यायला वेळ लागतो, यात्रेच्या आदल्या दिवशी धावपळ करून तो मिळत नाही.

हे सगळे घोडीवाल्याने केले तरी अर्धेच काम होते. उरलेले यात्रा कमिट्यांच्या हातात आहे. टोकन आदल्या संध्याकाळी काढून प्रत्येकाला बारीची अंदाजे वेळ कळवली, तर दुपारच्या घोड्या सकाळी आठला आणून उभ्या कराव्या लागणार नाहीत. बारा ते चार घाट बंद ठेवावा. संध्याकाळी प्रकाशाची सोय करून बाऱ्या उरकता येतात. मांडवावर जो खर्च होतो त्यातून घोड्यांसाठी शेडनेटचा वेगळा मांडव, पाण्याचा एक टँकर आणि पाच-सहा पिंप सहज होतात. बर्फाच्या लाद्या तर शीतपेयांच्या टपरीवर असतातच. घाटावर नेमलेल्या पशुवैद्यकाच्या हातात, निवेदकाने जसे सेकंद जाहीर करावेत तसे, घोडीचे तापमान विचारण्याचा आणि ३९ च्या वर असेल तर पुढची बारी नाकारण्याचा अधिकार द्यावा. एकच घोडी दिवसभरात किती गाड्यांपुढे धरली, याची नोंद टोकनवरच करावी. भाड्याने धरलेल्या घोडीची मोजदाद आज कोणीच ठेवत नाही. गावात डॉक्टर नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक मांडवात मोठ्या अक्षरांत लावावा.

आणि परतीच्या गाड्या रात्री नऊनंतरच सुटतील, असे कमिटीने ध्वनिक्षेपकावरून सांगितले तरी पुष्कळ घोड्या वाचतील. मालक एरवी कोणाचे ऐकत नाहीत, घाटावरच्या निवेदकाचे ऐकतात.

आपला,
एक पशुवैद्यक
(उत्तर पुणे जिल्हा)